‘ऑल-इन-वन’ संगणकाचें उद्यांचें रूप

(नभोवाणीवरील भाषण)

मेजावर ठेवावयाच्या ज्या संगणकांत पडदा आणि यंत्र हीं दोन्ही एकाच देहांत सामावलेलीं असतात, त्याला बाजारांत ‘ऑल-इन-वन’ असें नांव आहे. अशा संगणकाचें पुढचें रूप कसें असेल, तें कसें असावें, आणि या प्रश्नाचा आपल्या घरच्या हिशेबाशीं काय संबंध पोंचतो, याचा आज आपण थोडा विचार करूं.

मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हें. आयुष्यभर शाळेंत शिकवून आतां निवृत्त झालेला एक मास्तर आहें. भविष्य वर्तविण्याची विद्या मजपाशीं नाहीं. परंतु गणिताच्या तासाला आम्ही मुलांना एक उदाहरण घालीत असूं. कांहीं संख्या क्रमानें फळ्यावर लिहावयाच्या आणि पुढची संख्या कोणती, तें विचारावयाचें. जो मुलगा आधींच्या संख्यांतील नियम हुडकून काढी, त्याला पुढचें पद अचूक सांपडे. जो नुसता तर्क लढवी, त्याची फजिती होई. आपणहि तोच मार्ग धरूं. या संगणकाचीं आजवरचीं रूपें एका ओळींत मांडूं, त्यांतील नियम शोधूं, आणि मग पुढचें पद काय येतें तें पाहूं.

उदाहरणादाखल मी एकच घराणें घेतों. तें म्हणजे अमेरिकेंतील ॲपल कंपनीच्या आयमॅकचें. याचें कारण असें कीं, त्याच्या प्रत्येक बदलाचें साल आणि माप जगजाहीर आहे. शिवाय त्याच्या पुढच्या अवताराविषयीं जितके तर्क चालतात, तितके दुसऱ्या कोणत्याहि मेजावरच्या संगणकाविषयीं क्वचितच चालत असतील.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे २४ जानेवारी १९८४ रोजीं प्रसिद्ध झालेला मॅकिंटॉश. नऊ इंचांचा काळापांढरा पडदा आणि त्याखालीं सगळें यंत्र, अशी ती एक उभट पेटी होती. उचलावयास सोयीचें जावें म्हणून तिच्या माथ्यावर हात घालण्याची खांच ठेविलेली होती. त्यानंतर चौदा वर्षांनीं, ६ मे १९९८ रोजीं, कॅलिफोर्नियांतील क्युपर्टिनो येथें स्टीव्ह जॉब्स यांनीं पहिला आयमॅक लोकांपुढें ठेविला. त्याचें बाह्यरूप जॉनी आइव्ह यांच्या देखरेखीखालीं घडलें होतें. पोट सुटलेल्या अंड्यासारखा आकार, निळसर हिरवें अर्धपारदर्शक कवच, पंधरा इंचांचा पडदा, वजन सुमारें सतरा-अठरा किलो, आणि किंमत १,२९९ डॉलर. त्या काळीं फ्लॉपी चकती हें संगणकाचें अविभाज्य अंग समजलें जाई. या यंत्रांतून ती काढून टाकलेली पाहून पुष्कळांनीं भुंवया उंचावल्या.

हें यंत्र इतकें पोटाळ कां होतें? रचनाकाराला सडपातळ वस्तु आवडत नव्हती म्हणून नव्हे. त्या वेळचा पडदा म्हणजे कांचेची एक मोठी नळी असे. नळीच्या मागच्या टोंकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत पुढें फेंकला जाई, आणि त्याला सबंध पडदाभर फिरावयाचें तर मागें खोली असावीच लागे. पडद्याची रुंदी वाढली कीं मागचें पोटहि वाढे. जोंवर ही नळी होती, तोंवर कोणाहि प्रतिभावंताला हें यंत्र चपटें करितां आलें नसतें.

नळी गेली आणि रूप बदललें. जानेवारी २००२ मध्यें आलेल्या आयमॅकला द्रवस्फटिकाचा चपटा पडदा होता. यंत्र खालच्या पांढऱ्या अर्धगोलांत बसविलें होतें, आणि चकचकीत पोलादी दांडीच्या टोंकाला तो पडदा सूर्यफुलासारखा हवा तिकडे वळत असे. ऑगस्ट २००४ मध्यें अर्धगोलहि गेला. सगळें यंत्र पडद्याच्या पाठीशीं जाऊन बसलें आणि जाडी सुमारें दोन इंचांवर आली. २००७ सालीं ॲल्युमिनियमची चौकट आणि कांचेचें तोंड आलें. ऑक्टोबर २०१२ मध्यें कडा अवघ्या पांच मिलिमीटरांची झाली. त्यासाठीं सीडी-डीव्हीडी वाचणाऱ्या यंत्राला बाहेरची वाट धरावी लागली. पुढें २० एप्रिल २०२१ रोजीं २४ इंची आयमॅक जाहीर झाला. सात रंग, सबंध देहाची जाडी ११.५ मिलिमीटर, वजन साडेचार किलोंच्याहि आंत, आणि मूळ किंमत पुन्हां तीच, १,२९९ डॉलर! या वेळीं विजेचा पुरवठा करणारा भाग पोटांतून निघून भिंतीजवळच्या निराळ्या डबींत गेला. ऑक्टोबर २०२४ मध्यें या यंत्रांत एम-४ ही चिप आली, तेव्हांहि बाहेरचें रूप २०२१ चेंच राहिलें.

आतां या पदांतील नियम पाहूं. मला तो असा दिसतो : या संगणकाचें रूप रचनाकाराच्या लहरीनें बदललेलें नाहीं. आंतील एखादा अवयव लहान झाला, किंवा घराबाहेर काढतां आला, कीं त्यामागून बाहेरचा देह बदलला आहे. १९९८ सालीं फ्लॉपी गेली, २००२ सालीं नळी गेली, २०१२ सालीं चकती गेली, २०२१ सालीं वीजपुरवठा गेला. एका मोठ्या एकत्र कुटुंबांतून एकेक भाऊ वेगळा व्हावा, तसें हें चाललें आहे. मग पुढचें पद शोधणाऱ्यानें एवढेंच विचारावयाचें कीं, या घरांत आतां राहिलें कोण?

राहिले आहेत तिघे. एक पडदा, दुसरा पडद्याखालच्या पट्टींत बसलेला मेंदू, आणि तिसरें त्यांना उभे धरणारें पाऊल. या पट्टीला लोक थट्टेनें ‘हनुवटी’ म्हणतात. २०२१ च्या यंत्रांत सगळी महत्त्वाची विद्युत्-रचना या हनुवटींत दाटीवाटीनें बसविलेली आहे. म्हणूनच वरचा पडदा इतका पातळ करितां आला. तेव्हां जे तर्क चालतात ते साहजिकच याच तिघांभोंवतीं फिरतात. कोणी म्हणतात, हनुवटी नाहींशी होईल. कोणी म्हणतात, ज्यांत प्रत्येक बिंदु स्वतःच प्रकाशतो आणि ज्याला पाठीमागच्या दिव्यांची गरज नसते, असा ओलेड पडदा येईल आणि देह आणखी पातळ होईल. कोणी मोठ्या पडद्याची वाट पाहतात. २७ इंची आयमॅकची विक्री मार्च २०२२ मध्यें बंद झाली, आणि नव्या चिपसह तो पुन्हां काढण्याचा बेत नाहीं असें कंपनीनें नोव्हेंबर २०२३ मध्यें सांगितलें. तरी त्या वार्ता थांबल्या नाहींत. जानेवारी २०२० मध्यें या कंपनीचा एक पेटंट-अर्ज प्रसिद्ध झाला, त्यांत तर कांचेच्या एकाच सलग तक्त्याला खालीं बाक देऊन वर पडदा आणि खालीं कळफलक अशी कल्पना चितारलेली होती. पेटंटचा अर्ज म्हणजे कांहीं वस्तु नव्हे. पण रचनाकारांची मनोराज्यें कोणत्या दिशेला धांवतात, हें त्यावरून कळतें.

हे सर्व तर्क खरे ठरतील असें क्षणभर धरून चाला. तरी एक साधा प्रश्न उरतोच. जी वस्तु एकदां मेजावर ठेविली कीं वर्षानुवर्षें तेथून हलत नाहीं, ती पातळ असण्यानें आपणांस काय मिळतें? पिशवींतून न्यावयाचा संगणक हलका आणि पातळ हवा, हें समजतें. पण मेजावरच्या पडद्याकडे आपण समोरून पाहतों. कडेनें त्याकडे पाहतो तो दुकानांतला गिऱ्हाईक. २०२१ चें यंत्र इतकें पातळ झालें कीं, श्रवणयंत्राची दांडी पाठीमागून आंत शिरावयास जागाच उरली नाहीं. तें छिद्र शेवटीं बाजूला घ्यावें लागलें. पातळपणाची शर्यत या ठिकाणीं जवळजवळ संपली आहे. आतां सुधारणेला दुसरी दिशा हवी, आणि ती कोणती, हाच आजच्या भाषणाचा खरा मुद्दा आहे.

तो मुद्दा एका घरगुती दृष्टान्तानें सांगतों. आपल्यापैकीं बहुतेकांना चष्मा आहे. डोळ्यांचा नंबर बदलला कीं आपण कांचा बदलतों, चौकट तीच ठेवितों. चौकटीचें आयुष्य निराळें आणि कांचेचें निराळें, हें चष्मेवाला जाणतो. म्हणून तो दोहोंना जोडतो खरा, पण चिकटवीत नाहीं. संगणकांतहि असेच दोन निरनिराळ्या आयुष्यांचे सोबती आहेत. चांगला पडदा दहा-बारा वर्षें सहज टिकतो. मेंदू मात्र त्याच्या किती तरी आधीं म्हातारा होतो. तो बिघडतो असें नव्हे. पण नव्या प्रणाली त्याला झेपत नाहींत, कंपनी त्याच्यासाठीं सुरक्षेचीं दुरुस्तीपत्रें काढण्याचें थांबविते, आणि मग बँकेचा व्यवहार त्यावर करूं नका असें जाणकार सांगूं लागतात.

याचें ठळक उदाहरण म्हणजे ऑक्टोबर २०१४ मध्यें आलेला २७ इंची आयमॅक. त्याच्या पडद्यावर ५,१२० गुणिले २,८८०, म्हणजे सुमारें १ कोटी ४७ लक्ष बिंदु होते, आणि किंमत २,४९९ डॉलर होती. या यंत्राला २०२० सालच्या ‘बिग सर’ या प्रणालीच्या पुढची प्रणाली मिळाली नाहीं. पण त्याचा पडदा? मार्च २०२२ मध्यें त्याच कंपनीनें निव्वळ पडदा म्हणून एक नवी वस्तु विकावयास काढली. तिचे बिंदु तितकेच, रुंदी तितकीच, आणि किंमत १,५९९ डॉलर. म्हणजे मेंदू निकामी ठरला म्हणून ज्या पेट्या आज माळ्यावर गेल्या आहेत, त्यांच्या तोंडावर तितक्याच बिंदूंची कांच शाबूत आहे. पण ती दुसऱ्या संगणकाला जोडण्याची वाटच त्या पेटीला ठेविलेली नाहीं.

अशी वाट कधीं नव्हतीच असें मात्र नाहीं. २००९ पासून २०१४ च्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच आयमॅकांना दुसऱ्या संगणकाचा पडदा म्हणून वापरतां येत असे. एक तार जोडावी, दोन कळा दाबाव्या, कीं जुनें यंत्र नव्याची नुसती कांच होऊन काम करी. २०१४ च्या अखेरीस ही सोय गेली. त्या वेळीं तिला एक रास्त कारणहि होतें : इतक्या बिंदूंचें चित्र पूर्ण वेगानें वाहून नेण्याचें सामर्थ्य त्या काळच्या एका तारेंत नव्हतें. परंतु तें कारण आतां राहिलेलें नाहीं. २०२२ सालचा जो सुटा पडदा मीं सांगितला, तो एकाच तारेवर चालतो. कारण गेलें; सोय मात्र परत आली नाहीं.

उघडण्याच्या बाबतींतहि अशीच पीछेहाट झाली आहे. २००७ ते २०११ पर्यंतच्या आयमॅकची पुढची कांच लोहचुंबकांनीं धरलेली असे. रबरी चूषकांनीं ती अलगद निघे. २०१२ पासून ती डिंकासारख्या पट्ट्यांनीं चिकटविली जाऊं लागली. उघडावयाचें तर पट्ट्या कापाव्या लागत आणि पुन्हां नव्या लावाव्या लागत. २७ इंची यंत्राच्या पाठीवर स्मृति वाढविण्यासाठीं एक लहानसें दार होतें. तें २०२० सालच्या यंत्रापर्यंत टिकलें. २०२१ च्या यंत्रांत ही स्मृति मेंदूला कायमचीच जोडून टाकलेली आहे.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंहि ऐकिलें पाहिजे. स्मृति मेंदूच्या अगदीं शेजारीं बसविल्यानें काम जलद होतें आणि वीज कमी लागते, हें खरें आहे. तो निव्वळ कावा नव्हे. सर्व कांहीं एका देहांत असल्यानें तारांचें जंजाळ नसतें, लहान घरांत जागा अडत नाहीं, आणि वृद्धांना किंवा मुलांना तें यंत्र परकें वाटत नाहीं. खोक्यांतून काढावें, एक तार भिंतींत घालावी आणि कामाला लागावें, हा या प्रकाराचा मोठाच गुण आहे. तो सोडा असें मी म्हणत नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, एकत्र राहणें आणि जखडून ठेवणें या दोन गोष्टी एक नव्हेत.

आतां मघांच्या पदावलीकडे पुन्हां वळूं. फ्लॉपी, नळी, चकती आणि वीजपुरवठा हे क्रमानें बाहेर गेले. या क्रमांतील पुढचें पद म्हणजे स्वतः मेंदूच, असें मला वाटतें. तो तितका लहान झालाहि आहे. ऑक्टोबर २०२४ मध्यें ॲपलनेंच मॅक मिनि नांवाचा जो संगणक काढला, तो सुमारें १२.७ सेंटिमीटर लांबरुंद आणि ५ सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे एखाद्या मध्यम डब्याएवढा! त्याची सुरुवातीची किंमत ५९९ डॉलर ठेविली होती. त्यांतील वीजपुरवठा आणि वरचें कवच बाजूला काढलें तर राहील तो मेंदू एखाद्या वहीएवढाच असेल. मग पडद्याच्या पाठीला किंवा पावलांत एक खण ठेवावा, आणि हा मेंदू त्यांत कपाटांतल्या खणासारखा सरकवावा, यांत अशक्य तें काय आहे? पुढून पाहणाराला वस्तु एकच दिसेल. सहा-सात वर्षांनीं जुना खण काढावा, नवा घालावा, आणि पडदा तोच ठेवावा. पडदा फुटला तर पडदा बदलावा, मेंदू तोच ठेवावा. असें रूप आलें, तर पातळपणाच्या सर्व करामतींहून मी त्याला मोठी सुधारणा म्हणेन.

तें येईल का? येथें मास्तरानें प्रामाणिक राहिलें पाहिजे. माझा अंदाज असा कीं, जवळच्या काळांत कडा अरुंद होतील, पडदा मोठा किंवा अधिक उजळ होईल, आणि खण मात्र येणार नाहीं. ज्याला दर सात वर्षांनीं सबंध वस्तु विकतां येते, तो अर्धीच वस्तु कशाला विकूं पाहील? परंतु व्यापाऱ्याच्या मर्जीवर दोन गोष्टींचा लगाम असतो, एक कायद्याचा आणि दुसरा गिऱ्हाइकाचा. युरोपीय संघानें २०२४ सालीं कांहीं वस्तूंच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा संमत केला. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि त्यांनीं जुन्या यंत्रांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. असल्या कायद्यांची निकड कां भासली, तें संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांनीं काढलेल्या अहवालावरून दिसतें. २०२२ या एका वर्षांत जगांत सुमारें ६ कोटी २० लक्ष टन विद्युत्-कचरा निघाला, आणि त्यांतील सुमारें २२ टक्केच रीतसर गोळा होऊन पुन्हां उपयोगांत आला.

ही गोष्ट एकाच कंपनीची आहे असेंहि कोणी समजूं नये. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नेहमींचा आधार थांबविला. पुढच्या प्रणालीच्या अटींत न बसणारीं यंत्रें त्या दिवशीं एकाएकीं वृद्ध ठरलीं. त्यांत सुटे संगणक होते त्यांचे पडदे तरी वांचले. ‘ऑल-इन-वन’ होते त्यांच्या मालकांना पडद्याचीहि काळजी लागली. मात्र इतर कांहीं कंपन्यांच्या अशा यंत्रांना बाहेरचें चित्र आंत घेण्याचें छिद्र असतें. तें ज्यांच्या यंत्राला होतें, त्यांचा पडदा कामास आला. एका लहानशा छिद्राची किंमत किती, हें अशा वेळीं समजतें.

म्हणून श्रोतेहो, आपण किंवा आपलीं मुलें असा संगणक घ्यावयास निघाल तेव्हां रंग आणि जाडी पाहण्यापूर्वीं दुकानदाराला चार प्रश्न अवश्य विचारा. याचा मेंदू थकल्यावर पडदा दुसऱ्या संगणकाला जोडतां येईल का? स्मृति आणि सांठवण पुढें वाढवितां येईल का, कीं आजच पुरेशी घ्यावी लागेल? पाठ स्क्रूंनीं बंद केली आहे कीं डिंकानें? आणि आपल्या गांवांत हें उघडून दुरुस्त करणारा कोणी आहे का? दुकानदाराला उत्तर देतां आलें नाहीं तरी बिघडत नाहीं. हेच प्रश्न शेंकडों गिऱ्हाइकांनीं विचारले, तर ते दुकानांतून कंपनीपर्यंत पोंचल्यावांचून राहणार नाहींत. आणि रचनाकारांना पुढचें रूप रेखाटतांना त्यांचा विचार करावाच लागेल.

आपल्या देवघरांतील समई पाहा. लांबून ती एका ओतींत घडविलेली वाटते. पण बैठक, दांडा, मधले मणी आणि वरची तबकडी असे तिचे भाग फिरवून सुटे होतात. घांसून-पुसून ते पुन्हां जोडतां येतात; एक भाग फुटला तर तेवढाच नवा करून घेतां येतो. म्हणूनच आजीची समई नातसुनेच्या हातीं येते. ज्या कारागिरानें ती प्रथम घडविली, त्याला एकसंध दिसणें आणि सुटें होणें यांत विरोध वाटला नाहीं. उद्यांचा संगणक घडविणारानेंहि एवढी दृष्टि ठेविली, तर तो किती मिलिमीटर जाड आहे हें आपण त्याला विचारणार नाहीं.